गहू सोसत नाही, तर दोष कुणाच्या माहेरचा?

पत्र जळगाव जिल्ह्यातल्या एका गावातून आलं आहे. नाव-गाव गाळून मजकूर थोडक्यात देते.

"माझा मुलगा सात वर्षांचा. दोन वर्षं पोट फुगायचं, खाल्लेलं अंगी लागायचं नाही, सारखं जंताचं औषध चालू. या उन्हाळ्यात रक्ततपासणी आणि दुर्बिणीची तपासणी झाली. डॉक्टरांनी सिलिअ‍ॅक नावाचा आजार सांगितला, गहू कायमचा बंद. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. सासूबाई म्हणतात, 'आमना घरमा असं कोनलेच नई व्हतं', म्हणजे हे माझ्या माहेरून आलं. माझे दोन्ही भाऊ किडकिडीत आहेत, तेवढा पुरावा त्यांना पुरतो. यजमान म्हणतात, आपण दोघं जनुक-तपासणी करू, एकदाचा निकाल लागेल. मला तर वाटतं चूक माझीच, सहाव्या महिन्यातच मी त्याला गव्हाचं सत्त्व आणि दुधात बिस्किट भरवलं. धाकटी चार वर्षांची आहे, तिला काही त्रास नाही, पण भीतीपोटी महिनाभर तिचाही गहू बंद ठेवलाय. आता श्रावणात कानबाई देवी बसेल. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने रोटाचा गहू मोजतात, गिरणीवाला आधी चक्की धुवून-पुसून ठेवतो आणि मगच दळतो, आणि रोट भाऊबंदांनीच संपवायचे. सासूबाई म्हणतात, देवीच्या प्रसादाने काही होत नाही आणि वय वाढलं की असली दुखणी सुटतात. नणंदही येणार आहे. तिची वर्षानुवर्षं रक्त कमी म्हणून लोहाची इंजेक्शनं चालू असतात, तिच्यासमोर पुन्हा हा वाद नको वाटतो. जनुक-तपासणी करावी का? घरात सांगू तरी काय?"

ताई,

आधी सरळ उत्तर. तुम्हा दोघांची जनुक-तपासणी करू नका. यजमानांना हवा तसा निकाल त्यातून लागणारच नाही. दोन कागद हातात येतील आणि भांडायला नवा मुद्दा मिळेल. आणि धाकटीच्या ताटात आज संध्याकाळपासून पोळी पुन्हा वाढा. ही दोन्ही वाक्यं घरात कुणाला पटणार नाहीत हे मला ठाऊक आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

सासूबाईंचा प्रश्न 'हे आलं कुठून' असा आहे. मी तो थोडा फिरवते. बाकीच्यांना गहू सोसतो तरी कसा? आपण रोज परकी प्रथिनं पोटात घालतो, तुरीची, दुधाची, ज्वारीची, अंड्याची. हीच सुईने अंगात टोचली तर शरीर त्यांना शत्रू समजून अंगावर जाईल. तोंडावाटे आली की मात्र चालवून घेतं. हे आपसूक होत नाही, शरीर ते शिकतं. १९११ साली अमेरिकेत वेल्स आणि ऑस्बोर्न या दोघा संशोधकांनी गिनीपिगांवर प्रयोग केले. ज्यांच्या खाण्यात आधीपासून मका होता त्यांना मक्याचं प्रथिन टोचलं तरी ती घातक प्रतिक्रिया आली नाही. खाण्यातून आलेली ही सहनशीलता सांभाळायला आपल्या रक्तात खास पांढऱ्या पेशी असतात. बाकीच्या पेशी चवताळल्या की त्यांना आवरायचं, हे त्यांचं काम. या पेशींच्या शोधासाठी २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मेरी ब्रुनको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. ब्रुनको आणि रॅम्सडेल यांनी त्या पेशींचं मुख्य जनुक शोधलं, फॉक्सपी-३. ते जनुकच बिघडलं तर तान्हेपणापासून आतडं सुजतं, जुलाब थांबत नाहीत, इवल्या बाळाला मधुमेह होतो. ते एक्स गुणसूत्रावर असल्याने हा आजार मुलग्यांना होतो आणि बिघाड बहुधा आईकडून आलेला असतो. अशा अतिशय दुर्मिळ आजारात 'कुणाकडून' या प्रश्नाला निदान उत्तर तरी असतं. तुमच्या मुलाचं प्रकरण त्यातलं नाही.

सिलिअ‍ॅकमध्ये मुख्य जनुकं आहेत एचएलए-डीक्यू नावाची, सहाव्या गुणसूत्रावर. ती एक प्रकारचं तबक घडवतात. पेशी आपल्या पृष्ठभागावर हे तबक धरते, त्यात अन्नाच्या नाहीतर जंतूच्या प्रथिनाचा एखादा तुकडा ठेवते आणि टी-पेशींना, म्हणजे शत्रू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवते. प्रत्येकाच्या तबकाचा आकार वेगळा, त्यामुळे कुठला तुकडा कुणाच्या तबकात बसेल हेही वेगळं. सिलिअ‍ॅकच्या दहापैकी नऊ रुग्णांत डीक्यू-२ नावाचं तबक सापडतं, उरलेल्यांपैकी बहुतेकांत डीक्यू-८.

आता गव्हाचा स्वभाव बघा. गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनात प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतली एक कडी) इतकं ठासून भरलेलं असतं की आपले पाचक रस त्याचे पुरते तुकडे करू शकत नाहीत. तेहतीस अमिनो आम्लांचा एक लांबलचक तुकडा तर जसाच्या तसा उरतो. हे सगळ्यांच्याच पोटात होतं, तुमच्या, माझ्या, सासूबाईंच्याही. पुढे आतड्याच्या अस्तरातलं ट्रान्सग्लुटामिनेज हे एन्झाइम त्या तुकड्यांत थोडा फेरफार करतं आणि त्यानंतर ते डीक्यू-२ च्या खोबणीत अगदी घट्ट बसतात. टी-पेशींनी त्यांना शत्रू ठरवलं की आतड्याच्या आतल्या बारीक लव झिजून सपाट होतात. अन्न शोषायची जागाच कमी होते, मग कितीही भरवा, पोर वाळतं. मुलाच्या रक्तात जी 'टीटीजी' तपासणी केली ती याच एन्झाइमविरुद्ध शरीराने केलेल्या प्रतिद्रव्याची, म्हणजे अँटिबॉडीची. अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं ही गव्हाची अ‍ॅलर्जी, तो वेगळा आजार आहे.

आता माहेर-सासरच्या हिशेबाकडे येते.

डीक्यू-२ चं तबक दोन साखळ्यांचं असतं, अल्फा आणि बीटा. प्रत्येक साखळीचं जनुक वेगळं. दोन्ही साखळ्या एकाच पालकाकडून येऊ शकतात. एक आईकडून आणि एक वडिलांकडून अशाही येऊ शकतात, आणि मग ते तबक मुलातच पहिल्यांदा पुरं होतं. म्हणजे असं होऊ शकतं की अर्धं तुमच्या माहेरचं, अर्धं सासूबाईंच्या घरचं, आणि दोन्हीकडे पिढ्यान्पिढ्या कुणाचं पोट दुखलं नाही. शिवाय डीक्यूने जनुकीय धोक्याचा साधारण ४० टक्के भागच उलगडतो. बाकीचा धोका इतर चाळीसहून अधिक जागांवर थोडा थोडा विखुरलेला आहे, आणि त्या जागा दोन्ही घराण्यांतून आलेल्या असणार. याचा निवाडा कुठली प्रयोगशाळा करणार?

आणि भावांच्या किडकिडीत असण्यावरून सिलिअ‍ॅक ठरवायचा तर निम्म्या खानदेशाला दुर्बीण घालावी लागेल.

यजमानांच्या मनात बहुधा असं आहे की जनुक सापडलं म्हणजे आजार सापडला. इथेच गफलत होते. भारतात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भागांतल्या तेवीस हजारांवर प्रौढांची पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ बाळगणाऱ्यांचं प्रमाण तिन्हीकडे जवळपास सारखं, तीनात एक. सिलिअ‍ॅकचं प्रमाण मात्र उत्तरेत १.२३ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के. जनुकं तीच आणि आजारात बारापट फरक. गव्हाचं खाणं बघितलं तर उत्तरेत माणशी दिवसाला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, दक्षिणेत पंचवीस. एकट्या गव्हावर सगळं खापर फोडता येत नाही, कारण उत्तरेतही जनुक असलेल्या बहुतेकांना तो पचतोच. जगभरात बघितलं तरी हे जनुक असलेल्या शंभरातल्या तीन-चार जणांनाच आजार होतो. हुबेहूब जुळ्या भावंडांची तर सगळी जनुकं सारखी, तरी एकाला सिलिअ‍ॅक असला तर दुसऱ्याला तो चारपैकी साधारण तीन वेळा होतो, चौथ्या वेळी नाही.

म्हणून सासूबाईंचं 'आमच्यात कुणालाच नव्हतं' मला खोटं वाटत नाही, अपुरं वाटतं. त्यांच्या लहानपणी खानदेशातल्या घरात रोज काय शिजायचं ते त्यांनाच विचारा. ज्वारीची, बाजरीची नाहीतर कळण्याची भाकरी. गहू सणाला, पाहुण्याला, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मांड्यांना. पाटाचं पाणी, नवी बियाणी आणि रेशनचा गहू आल्यावर पोळी रोजची झाली. शाळेच्या डब्यातही पोळीच आणि चहाबरोबर टोस्ट. जे जनुक सणावारापुरतं गव्हाला भेटत होतं ते आता दिवसातून तीनदा भेटतं. आणि 'कुणालाच नव्हतं' म्हणताना हेही आठवा की संग्रहणी, मुडदूस, दृष्ट, जंत या नावांखाली किती पोरं गेली. त्यांतली काही याच आजाराची असतील, तेव्हा तपासणीच नव्हती.

आता तुमच्या मनातली टोचणी. सहाव्या महिन्यात सत्त्व दिलंत म्हणून हे झालं नाही. हाच प्रश्न घेऊन युरोपात दोन मोठे प्रयोग झाले, २०१४ मध्ये निष्कर्ष आले. घरात आधीच सिलिअ‍ॅक असलेली, धोक्याची बाळंच त्यासाठी निवडली होती. एका प्रयोगात काही बाळांना चौथ्या महिन्यापासून अगदी थोडं ग्लुटेन दिलं, दुसऱ्यात काहींचा गहू वर्षाचं होईपर्यंत लांबवला. लवकर देऊन आजार टळला नाही. उशीर केल्याने तो थोडा उशिरा दिसला इतकंच, पुढे प्रमाण सारखंच. आईचं दूध किती महिने दिलं यानेही फरक पडला नाही. मग एखाद्या मुलात सहनशीलता मोडते कशाने? लहानपणच्या विषाणूसंसर्गावर संशय आहे. रिओव्हायरस या एरवी निरुपद्रवी विषाणूने उंदरांत अन्नाबद्दलची सहनशीलता बिघडवल्याचं २०१७ मध्ये दाखवलं गेलं. तो तर कुणाच्याही हातात नाही. तेव्हा ते बिस्किट डोक्यातून काढून टाका.

धाकटीचा गहू बंद केलात ते काळजीपोटी, पण त्याने तिच्या तपासणीचीच वाट बंद होते. सख्ख्या भावंडांत, आईबापांत सिलिअ‍ॅक सापडायची शक्यता दहात एकाच्या आसपास असते, भावंडांत जरा जास्तच. त्यामुळे तिचं रक्त तपासायलाच हवं. पण टीटीजी-अँटिबॉडी गहू खाणाऱ्याच्या रक्तातच दिसतात. खाणं थांबवलं की हळूहळू नाहीशा होतात आणि आजार असूनही अहवाल कोरा येतो. सहा-आठ आठवडे तिला रोज दोन वेळा पोळी खाऊ द्या, मग रक्त द्या. टीटीजी-आयजीएबरोबर एकूण आयजीएही (अँटिबॉडीचा तो एक प्रकार आहे) मोजायला सांगा, कारण काहींच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असतं आणि पहिली तपासणी त्यामुळे फसते. मधल्या काळात तिला जुलाब, उलट्या, पोटदुखी सुरू झाली तर आठवडे मोजत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

अहवाल स्वच्छ आला तरी दर दोन-तीन वर्षांनी, किंवा वाढ खुंटल्यासारखी वाटली तर लगेच, तपासणी पुन्हा करावी लागते. जनुक-तपासणीचा खरा उपयोग इथे आहे. धाकटीची डीक्यू-तपासणी केली आणि दोन्ही प्रकार नाहीत असं निघालं, तर तिला सिलिअ‍ॅक होण्याची शक्यता जवळपास शून्य, दर दोन-तीन वर्षांनी सुई नको. सापडलं तर मात्र त्याचा अर्थ फक्त 'लक्ष ठेवा' एवढाच. तो आजार नाही, त्यासाठी गहू सोडायचा नाही, आणि मुलीच्या जातीला नको तो शिक्का म्हणून गावभर सांगायचंही नाही. पैसे घालवायचेच असतील तर या एका तपासणीवर घालवा, तेही मुलाच्या डॉक्टरांना विचारून. तुम्ही आणि यजमानांनी करायची ती साधी टीटीजी, कारण तुम्हीही पहिल्या नात्यातले आहात.

पत्राच्या शेवटी, वाद नको म्हणून, तुम्ही नणंदेबद्दल एक ओळ लिहून गेलात. मला सगळ्या पत्रात तीच ओळ खटकली. वर्षानुवर्षं लोह टोचावं लागत असेल तर खाण्यातलं लोह आतड्यात शोषलं जातंय का हे पाहायला लागतं. मोठ्यांत सिलिअ‍ॅक कित्येकदा असाच दिसतो. पोटाची काही तक्रार नाही, फक्त रक्त कमी, थकवा, हाडं दुखणं. बायकांच्या बाबतीत पाळी जास्त जाते म्हणून विषय तिथेच मिटवला जातो. त्यांना हे नसेलही, रक्त कमी व्हायला कारणं पुष्कळ. पण घरात भाच्याला सिलिअ‍ॅक निघालाय हे त्यांच्या डॉक्टरांना कळायला हवं, आणि गहू सोडण्याआधी त्यांची टीटीजी व्हायला हवी. एक विनंती मात्र आहे. त्यांचा अहवाल काही निघाला तर 'बघा, तुमच्याच घरचं निघालं' हे वाक्य तुमच्या तोंडी येऊ देऊ नका. कितीही ओठावर आलं तरी.

'वय वाढलं की सुटेल' हा समज सासूबाईंचा एकटीचा नाही. न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडनी हास यांनी १९२४ मध्ये सिलिअ‍ॅकच्या पोरांना केळ्यांच्या आहारावर ठेवलं आणि वाळलेली पोरं टवटवीत झाली. जळगावकरांना हे वाचून बरं वाटेल, पण गुण केळ्यांचा नव्हता. त्या आहारात पाव आणि सगळी धान्यं वर्ज्य होती, सुटका त्याने झाली. हास समजत होते केळ्याने आजार बरा होतो आणि मग मूल काहीही खाऊ शकतं. त्या समजापायी बरी झालेली पोरं पुन्हा पावावर आली आणि आतडी पुन्हा झिजली. खरा गुन्हेगार दाखवला तो नेदरलँड्सच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे पाव मिळेना, लोक उपाशी मरत होते, आणि सिलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारत होती. पाव परत आला तशी ती परत आजारी पडली. १९५० च्या प्रबंधात त्यांनी ते मांडलं. आज एवढं पक्कं ठाऊक आहे की हा आजार जन्मभराचा. लव परत उगवते, मूल छान वाढतं, पण टी-पेशी विसरत नाहीत. मोठेपणी गहू खाऊन काही जाणवलं नाही तरी आत झीज चालू राहू शकते.

प्रसादाचा प्रश्न त्यामुळे भक्तीचा उरत नाही, मापाचा होतो. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात गेलं तर तीन महिन्यांत आतड्याला इजा दिसते असं पाहिलं गेलंय. एका मध्यम पोळीत ते दोन-अडीच ग्रॅम असतं. म्हणजे पोळीचा पन्नासावा तुकडा. कानबाई वर्षातून एकदाच येते हे खरं, पण 'एकदाच'चं खातं उघडलं की आखाजी, पोळा, वाढदिवसाचा केक, शेजारच्या सत्यनारायणाचा शिरा सगळे त्यात येऊन बसतात. सात वर्षांच्या मुलाला 'कधीच नाही' हे 'कधी कधी'पेक्षा पाळायला सोपं जातं.

रोटाचं काय करायचं हे मी सांगणार नाही, ते सासूबाईंनी ठरवावं. मी फक्त मार्ग सुचवते. नातवाच्या नावाचा गहू मोजला जाऊ दे, देवीपुढे जाऊ दे, त्याच्या वाट्याचा रोट त्याच्या वडिलांनी खावा. रोट घरातच संपवायचा, तो घरातच संपला. मुलाला पुरण आवडत असेल तर कणकेचा हात लागण्याआधी डाळीचं पुरण वेगळ्या पातेल्यात काढून ठेवा. आणि एक गोष्ट तर तुम्हीच लिहिलीत: रोटासाठी गिरणीवाला चक्की धुवून-पुसून देतो. म्हणजे एका दळणाचं पीठ दुसऱ्याला लागू नये ही शिस्त सासूबाईंना तुमच्यापेक्षा जास्त अंगवळणी आहे. नातवाच्या ज्वारीला तीच शिस्त हवी, फक्त रोज. त्यांना आजाराचं व्याख्यान देऊ नका, हे काम त्यांच्या हाती द्या. आणि 'दोष कुणाचाच नाही, डॉक्टरांनी तसं सांगितलंय' हे यजमानांनी आपल्या आईला सांगायचं, तुम्ही नाही. सुनेच्या तोंडून तेच वाक्य सारवासारव वाटतं.

गिरणी हीच खरी अडचणीची जागा आहे, इतर वाचकांनीही लक्षात घ्यावं. गव्हाच्या पाठोपाठ दळलेल्या ज्वारीत गव्हाचं पीठ येतंच, आणि रोज कुणी चक्की धुवून देत नाही. शक्य असेल तर एक घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. नाहीतर जुनं जातं असेल तर ते काढा. ज्वारी-बाजरी दळण्याआधी परातीत पसरून निवडा, मळणी यंत्रातून आणि पोत्यांतून गव्हाचे दाणे मिसळलेले असतात. चाळणी, पोळपाट, लाटणं, लाकडी काठवट मुलासाठी वेगळी. लाकडाच्या चिरांतलं पीठ धुऊन जात नाही. मुलाची भाकरी आधी, पोळ्या नंतर. पुऱ्या तळलेल्या तेलात त्याचे पापड नकोत.

न दिसणारा गहू यादीत धरा. डबीतल्या बांधणी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ नाहीतर मैदा असतो, म्हणजे फोडणीतूनच गहू जातो. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, डबीवरचे घटक वाचून घ्या. कुरडया गव्हाच्या चिकाच्या, शेवया गव्हाच्या, रवा, मैदा, दलिया सगळा गहूच. सातूच्या पिठात गहू असतो, थालीपिठाच्या भाजणीतही बहुधा असतो. जवसुद्धा चालत नाही. शेवभाजीची शेव बेसनाची असली तरी दुकानातल्या शेवेत काय मिसळलंय आणि ती कुठल्या तेलात तळलीय हे कळायला मार्ग नाही, घरी पाडा. खपली गहू चालतो असं तुम्हाला कुणीतरी छातीठोकपणे सांगेल. चालत नाही, त्यातही ग्लुटेन आहे. पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं तर आपल्याकडच्या नियमाने किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं, तसा उल्लेख असलेला माल घ्यायला हरकत नाही. पण त्या महागड्या आट्यावाचून तुमचं काहीच अडत नाही.

कारण खानदेशाच्या ताटात गव्हावाचून अडणारं आहेच किती? भरीत आणि कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात आणि ठेचा. यात वगळायचं काही नाही. ज्वारीचे बिबडे, डाळगंडोरी, पातोड्यांची आमटी, बाजरीची खिचडी, उपवासाची भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू. हिंग तेवढा बघून घाला. वरण-बट्टी मात्र चुकेल आणि पोराला ती आठवेल. मक्याच्या जाडसर पिठात थोडी ज्वारी घालून करून बघा. गव्हाच्या बट्टीसारखी खुसखुशीत नाही होत, फुटते, पण तुपात चुरून वरणाखाली ती कुणाला ओळखू येत नाही. निदान पहिल्या घासाला नाही. मुलाला वेगळ्या ताटात एकटं वाढण्यापेक्षा आठवड्यातून चार रात्री सगळ्या घराने भाकरीच खावी. धाकटीची पोळी सकाळच्या डब्यात आणि दुपारच्या जेवणात भागेल.

शाळेत वर्गशिक्षकांना लेखी कळवा. पोषण आहाराची खिचडी तांदळाची असली तरी हिंग आणि मसाला कुठला हे स्वयंपाकाच्या मावशींना एकदा विचारून घ्या. बिस्किटांच्या पुड्याची देवाणघेवाण मुलं करणारच. त्याच्या दप्तरात चिक्की नाहीतर केळं ठेवा म्हणजे त्यालाही बदल्यात काहीतरी देता येईल.

मुलाची टीटीजी सहा महिन्यांनी पुन्हा करा, मग वर्षाला एकदा. आकडा उतरत नसेल तर कुठूनतरी गहू जातोय असं समजून गिरणीपासून शोध सुरू करा. हिमोग्लोबिन, लोह, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ त्याच वेळी पाहून घ्या, उंची-वजन दर तीन महिन्यांनी वहीत लिहा. नणंदबाई कानबाईला आल्या की मुलाच्या अहवालाची झेरॉक्स त्यांच्या हातात द्या, शक्यतो सगळ्यांसमोर नको, स्वयंपाकघरात दोघीच असताना.